ताप आला, ज्वर बंतु, गॉट फीवर

बेळगावात ‘गेट’ म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतात ती टिळकवाडीची रेल्वे गेटं. पहिलं, दुसरं आणि तिसरं. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांची उशिराची सबब वर्षानुवर्षं एकच, ‘टीचर, गेट पडलं होतं.’ या सबबीवर कुणाचं काही चालत नाही, कारण ती बहुतेक वेळा खरी असते. पण आज लिहायचं आहे ते या गेटविषयी नव्हे. देवनागरीत अगदी तसंच दिसणाऱ्या, पण उच्चारात आखूड असलेल्या दुसऱ्या ‘गेट’विषयी. इंग्रजीतलं हे तीन अक्षरांचं क्रियापद मुलांना पहिलीतच भेटतं आणि दहावी झाली तरी नीट हाती लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. ते मूळचे खानापूर भागातले, घरची भाषा मराठी. पत्नी गोकाकची, माहेरची भाषा कन्नड. मुलगी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. आपल्या भागात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत, त्यात नवल काही नाही. त्यांच्या हातात मुलीनं वर्गशिक्षिकेला लिहिलेला रजेचा अर्ज होता. अर्जातलं पहिलंच वाक्य होतं, ‘फीवर केम टू मी ऑन मंडे.’ त्याखाली लाल शाईची रेघ, आणि समासात शेरा: घरी फक्त इंग्रजीत बोला.

‘बाई, घरात तीन-तीन भाषा झाल्यात, त्यामुळं सगळा घोळ झालाय,’ ते म्हणाले. ‘हिची मम्मी कन्नड बोलते, माझी आई मराठी. शाळेतनं सांगितलंय, हे बंद करा. मी आईला सांगून टाकलंय, पोरीशी जरा कमी बोल म्हणून.’

हे शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलून गेले. मुलीनं मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात काही कामानं त्यांच्या घरी जाणं झालं, तेव्हा आज्जी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चहा पुढे केला, पण बोलल्या नाहीत. मी निघताना मात्र हळूच म्हणाल्या, ‘माझ्या बोलण्यानं पोरीचं नुकसान होतंय म्हणे बाई. खरं काय ते तुम्हीच सांगा.’

खरं काय ते सांगण्यासाठी मला मुलीच्या वह्या घरी आणून वाचाव्या लागल्या. तीन वह्या वाचून झाल्यावर लक्षात आलं की स्पेलिंगच्या चुका सोडल्या तर तिच्या बऱ्याचशा चुका एकाच जातीच्या आहेत. ‘अँगर केम टू मी.’ ‘टू ब्रदर्स आर देअर टू मी.’ ‘विथ मी पेन इज नॉट देअर.’ ‘माय अंकल्स मॅरेज बिकेम.’ इंग्रज माणूस जिथे डोळे झाकून ‘गेट’ किंवा ‘हॅव गॉट’ वापरेल, तिथे ही मुलगी काहीतरी दुसरंच रचत होती. आणि ते रचण्यामागे एक शिस्त होती. चूक असली तरी ती आंधळी चूक नव्हती.

आपण मराठीत म्हणतो, मला ताप आला. कन्नडमध्ये म्हणतात, ननग ज्वर बंतु. शब्दाला शब्द ठेवून पाहा. मला म्हणजे ननग, ताप म्हणजे ज्वर, आला म्हणजे बंतु. ताप कुठूनतरी येतो, आणि माणसाकडे येतो. माणूस जागच्या जागी आहे. इंग्रजीत मात्र ‘आय गॉट फीवर’. तिथे वाक्याच्या तोंडाशी ‘आय’, म्हणजे मी, उभा आणि ताप त्यानं मिळवलेला. जणू बाजारातून पाव किलो आणला.

हाच खेळ पुढे चालू राहतो. मला राग आला, ननग सिट्ट बंतु, आय गॉट अँग्री. मला नोकरी मिळाली, ननग नौकरी सिक्तु, आय गॉट अ जॉब. मला कळलं, ननग तिळीतु, आय गॉट इट. तीन भाषांपैकी दोन दर वेळी एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला. त्या मुलीच्या घरात भाषांचा घोळ झालेला नव्हताच. तिच्या आज्जीची मराठी आणि आईची कन्नड या बाबतीत इतक्या एका मताच्या होत्या की मुलीनं इंग्रजीलाही त्यांच्यात ओढून घेतलं होतं, एवढंच.

मराठी आर्य कुळातली, कन्नड द्राविड कुळातली, असं आपण शाळेत शिकलो. कुळं वेगळी हे खरं. पण शेकडो वर्षं शेजारी राहून दोघींची राहणी एकसारखी झाली. मरे एमेनो या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांनी १९५६ साली एक गाजलेला लेख लिहून दाखवलं की भारतातल्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या असूनही कितीतरी लकबी वाटून घेतात. आपण ‘पुस्तकबिस्तक’ म्हणतो आणि कन्नड माणूस ‘पुस्तकगिस्तक’ म्हणतो, ही त्यातलीच एक लकब. ‘मला ताप आला’ यातला कर्त्याच्या जागी बसलेला ‘मला’ हीदेखील भाषाशास्त्रज्ञांनी नंतर अशीच मोजलेली, काश्मीरपासून केरळपर्यंत आढळणारी लकब आहे.

मग मी त्या मुलीला एक मोठी वही आणायला सांगितली आणि पानाचे तीन रकाने पाडायला लावले. पहिला रकाना आज्जीचा, दुसरा मम्मीचा, तिसरा रिकामा. पहिले दोन भरून आण, तिसरा आपण इथे भरू. वडिलांना हे फारसं पटलं नाही. शिकवणी इंग्रजीची आणि अभ्यास आज्जीकडून, हे कसलं? पण फी भरलेली होती, त्यामुळे महिनाभर बघू म्हणाले.

वहीचं पहिलं पान भरून आलं ते ‘मिळणे’चं. आज्जी खानापूरकडच्या, त्यांच्या तोंडी ‘सापडली’ यायचं नाही, ‘गावली’ यायचं. ‘किल्ली गावली काय गो?’ मम्मीच्या रकान्यात ‘सिक्तु’. आता कन्नडमधला हा ‘सिगु’ फार मोठा आवाक्याचा शब्द आहे. वस्तू सापडली तर सिक्तु. नोकरी मिळाली तर सिक्तु. बाजारात तुमचा भाऊ भेटला तरी तो सिकलाच. आणि चोर पोलिसांच्या हाती लागला तर तोही सिक्क. आपल्याकडची मुलं मराठीत ‘मला पुस्तक भेटलं’ म्हणतात आणि पुण्याची पाहुणी मंडळी हसतात. माणसं भेटतात, वस्तू मिळतात, असं सांगतात. नियम बरोबर आहे. पण जिथे रोज कानावर ‘सिक्तु’ पडतं, तिथे भेटणं आणि मिळणं यांच्यातली भिंत थोडी खचणारच. हिंदीतला ‘मिलना’ हेच दोन्हीकडे करतो, आणि त्याला कुणी हसत नाही!

इंग्रजीतला ‘गेट’ या ‘सिगु’च्या जवळचा, पण त्याहून खादाड. पत्र आलं तर गेट, पगार मिळाला तर गेट, बक्षीस जिंकलं तर गेट, सर्दी झाली तर गेट, म्हातारं झालं तर गेट. दुकानातून साखर आणायची तरी गेट. ‘गेट मी सम वॉटर’ या वाक्यात तर माणूस जातो, पाणी घेतो आणि परत येतो, अशा तीन हालचाली एकट्या गेटनं गिळल्या आहेत. आपण तिथे ‘पाणी घेऊन ये’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘नीर तगोंड बा’. पुन्हा पाहा: घेऊन म्हणजे तगोंड, ये म्हणजे बा. दोन्हीकडे दोन क्रियापदं, त्याच क्रमानं.

एवढं पोट असलेला शब्द इंग्रजीत आला कुठून? तो मुळात इंग्रजीचा नव्हेच. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात लुटालूट करून थांबले नाहीत, तिथेच शेती करून राहिले. त्यांची भाषा नॉर्स. तिच्यात ‘गेटा’ असं क्रियापद होतं, अर्थ मिळवणे. तेच पुढे इंग्रजीत ‘गेट’ झालं. जुन्या इंग्रजीत त्याचा सख्खा चुलतभाऊ होता, पण तो एकटा फारसा फिरत नसे, कुठल्यातरी उपसर्गाच्या मागे असे. आजच्या ‘फरगेट’मध्ये तो अजून बसलेला आहे. फरगेट म्हणजे हातात होतं ते सुटणं.

आणि एक गेटच नव्हे. ‘टेक’ हेही नॉर्स. त्याआधी इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ हा शब्द होता, तो पार मागे पडला. त्याच्या खुणा ‘नंब’ आणि ‘निंबल’ या शब्दांत उरल्या. फार काय, ‘दे’ आणि ‘देम’, म्हणजे ‘ते’ आणि ‘त्यांना’, हे शब्दसुद्धा इंग्रजीनं त्या शेजाऱ्यांकडून उचलले. लोक दुसऱ्या भाषेतून नव्या वस्तूंची नावं घेतात हे नेहमीचं. पण घेणं, मिळणं, ते, त्यांना असले रोजचे शब्द घेतले जातात तेव्हा ते पुस्तकांतून येत नाहीत. एकाच गावात, एकाच विहिरीवर, एकाच घरात दोन भाषा नांदल्याशिवाय असं होत नाही. आपल्या मराठीतले अक्का, अण्णा आणि तूप कन्नडच्या घरातून आले ते याच वाटेनं. शाळेच्या शेऱ्यात ज्या शुद्ध इंग्रजीचा आग्रह होता, ती स्वतः असल्याच दुभाषी घरांतून वाढली आहे.

मला सगळ्यात गंमत वाटली ती आणखी एका गोष्टीची. ‘मला’नं वाक्य सुरू करण्याची आपली पद्धत जुन्या इंग्रजीतही होती. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ असा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ ‘मला वाटतं’. यातला ‘मी’ हा आपल्या ‘मी’सारखा ऐकू येत असला तरी तो इंग्रजी ‘मी’ आहे, म्हणजे ‘मला’. ‘लाइक’ या क्रियापदाचीही एके काळी हीच तऱ्हा होती. मी आवडतो असं न म्हणता मला आवडतं अशी त्याची रचना असे. पुढे हळूहळू इंग्रजीनं प्रत्येक वाक्याच्या दाराशी ‘आय’ला पहारेकरी नेमलं आणि ‘मला’ला मागे सारलं. म्हणजे ‘फीवर केम टू मी’ लिहिणाऱ्या मुलीची वाक्यरचना आज चूक, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला ती काही परकी वाटली नसती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग टीचर, मार्क का कापले?’ या प्रश्नाला शिक्षकाकडे उत्तर नसतं. परीक्षा या वर्षीची असते, एवढंच सांगितलं.

वहीचं तिसरं की चौथं पान लग्नाचं होतं. माझं लग्न झालं. नन्न मदवी आतु. आय गॉट मॅरिड. त्या दिवशी मुद्दाम मी त्यांच्या घरी बसून वही लिहून घेत होते. मुलगी आज्जीला म्हणाली, ‘आज्जी, इंग्लिशमध्ये मी लग्न मिळवलं असं म्हणतात.’ आज्जी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मी कुठं काय मिळवलं गो? ते झालं. मला विचारलं कुणी? तेरा वर्षांची होते. सकाळी पाटावर बसवलं, संध्याकाळी गाडीत बसवलं.’

मुलगी हसायची थांबली. आईही हातातलं काम ठेवून येऊन बसली. मग त्या दोघींच्या, म्हणजे सासू आणि सुनेच्या, एकमेकींना कधी न सांगितलेल्या गोष्टी निघाल्या. एक मराठीत सांगत होती, दुसरी कन्नडमध्ये. दोघींनाही दोन्ही कळत होतं. व्याकरण म्हणून मी एवढंच टिपून घेतलं की ‘लग्न झालं’ आणि ‘मदवी आतु’ या दोन्ही वाक्यांत लग्न हाच कर्ता आहे, नवरी कुठेच नाही. इंग्रजीत ‘आय मॅरिड हिम’ म्हटलं तर करणारी मी. ‘आय गॉट मॅरिड’ म्हटलं तर मधलंच काहीतरी, थोडं केलेलं, थोडं घडलेलं. गेटला ही मधली जागा फार आवडते. ‘द बॉय गॉट बीटन’ यात मार खाणारा पोरगा आहे, मारणाऱ्याचं नाव नाही. आपण नाही का म्हणत, ‘पोरानं मार खाल्ला’? तिथे आपलं ‘खाणे’ हे गेटचं काम करतं.

उलट काही ठिकाणी गेटमध्ये माणूस दुसऱ्याकडून काम करवून घेतो. ‘आय गॉट माय हेअर कट.’ केस कापून घेतले. कटिंग माडिस्कोंडे. इथे मराठीतलं ‘घेणे’ आणि कन्नडमधलं ‘कोळ्ळु’ यांची जोडी पाहण्यासारखी आहे. दोन्हींचा मूळ अर्थ घेणे, आणि दोन्ही दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला लागून ‘स्वतःसाठी’ असा अर्थ आणतात. लिहून घे म्हणजे बरको. समजून घे म्हणजे तिळको. करून घे म्हणजे माडको. आपल्याकडची मुलं हे दोन्ही प्रत्यय खेळता खेळता वापरतात आणि कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात मात्र ‘गेट समथिंग डन’ हा अख्खा धडा असतो. त्या मुलीला तो मी दहा मिनिटांत शिकवला. ‘माडिस्को म्हणायचं असेल तिथे गेट वापर,’ एवढंच सांगितलं.

सगळीकडे असंच जुळतं असं मात्र नाही, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती मुलीच्या आईनं. ‘मला जावं लागेल’ या वाक्याशी ‘आय हॅव गॉट टू गो’ लावून मी उत्साहानं कन्नड रकाना भरायला घेतला, तर त्या म्हणाल्या, ‘नाही बाई, आम्ही तिथं ननग म्हणत नाही. ना होगबेकु म्हणतो. ननग होगबेकु म्हटलं तर मला जायची हौस आहे असं होतं.’ बरोबर होतं त्यांचं. सक्तीच्या ठिकाणी कन्नड आणि इंग्रजी एका बाजूला, मराठी एकटी. तसंच मराठीत मी भिजलो, मी दमलो, मी घाबरलो या वाक्यांत ‘मला’ येत नाही. तिथे आपणही ‘मी’नंच सुरुवात करतो. इंग्रजी मात्र गॉट वेट, गॉट टायर्ड, गॉट स्केअर्ड असं एकाच मापानं सगळं मोजते.

आणि एका ठिकाणी तिघी अगदी हातात हात घालून चालतात. मला गोकाकचा धबधबा बघायला मिळाला. ननग गोकाक फॉल्स नोडाक सिक्तु. आय गॉट टू सी गोकाक फॉल्स. बघायला मिळणं, नोडाक सिगणं, गेट टू सी. संधी मिळाल्याचा आनंद तिन्ही भाषांनी एकाच शब्दावर टांगला आहे. हे वाक्य त्या मुलीनं वहीत हिरव्या शाईनं लिहिलं.

बसमधला गेट हा निराळाच प्रकार. आपली मुलं म्हणतात, ‘आय गॉट डाउन फ्रॉम द बस.’ इंग्रज म्हणेल, ‘गॉट ऑफ’. आपल्याला ‘डाउन’ सुचतं, कारण उतरणं म्हणजे खाली येणं, आणि कन्नडच्या ‘इळि’मध्येही खाली येणंच आहे. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे अशी दिशा पोटात घेतलेली क्रियापदं आपल्याकडे आहेत. इंग्रजी बोलताना दिशा बाहेर लटकवली जाते आणि क्रियापदाच्या जागी गेट नावाचा एकच हमाल उभा असतो: गेट अप, गेट इन, गेट आउट, गेट ऑन, गेट ऑफ. शिवाय मोटारीत बसताना ‘इन’ आणि बसमध्ये चढताना ‘ऑन’. असं का, याची कारणं पुस्तकांत दिलेली असतात, पण मुलांना ती पाठ करण्यापेक्षा दहा वेळा ऐकून लवकर येतं.

त्यातल्या ‘गेट ऑन’वर मी थोडी अडले. आपल्या बसचा कंडक्टर ओरडतो, ‘हत्री, हत्री!’ हत्तु म्हणजे चढणे. पण हाच ‘हत्तु’ बेळगाव-धारवाडकडच्या कन्नडमध्ये ‘माडाक हत्त्यान’ असाही येतो, म्हणजे ‘करायला लागलाय’. आपल्या बेळगावी मराठीतही ‘काय करूलालीस?’ म्हणजे ‘काय करायला लागलीस?’ म्हणजेच ‘काय करते आहेस?’ आता इंग्रजीकडे पाहा. ‘गेट ऑन द बस’ म्हणजे बसमध्ये चढ, आणि ‘गेट ऑन विथ युवर वर्क’ म्हणजे कामाला लाग. कन्नडमध्ये चढणं आणि काम चालू असणं एकाच शब्दात, इंग्रजीतही चढणं आणि कामाला लागणं एकाच शब्दजोडीत, आणि दोघींची गाठभेट कधी झालेली नाही. असं काही दिसलं की शिकवण्याचा तास बाजूला राहतो.

गेटला नावं ठेवणारे लोक इंग्लंडातही कमी नव्हते. निबंधात ‘गॉट’ लिहू नका, दुसरा चांगला शब्द शोधा, असं सांगणारे मास्तर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले, आणि आम्हालाही आमच्या सरांनी तेच सांगितलं होतं. दुसरीकडे सी. के. ऑग्डन या इंग्रज विद्वानानं १९३० साली परदेशी लोकांना झटपट शिकता यावी म्हणून ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ तयार केली, तेव्हा क्रियापदं फक्त १८ ठेवली. बाकीची हजारो क्रियापदं त्यानं गाळली, पण गेट ठेवलं. ऑग्डनचा हिशेब सरळ होता: रिसीव्ह, ऑब्टेन, अराइव्ह, बिकम ही सगळी माणसं रजेवर गेली तरी गेट एकटा दुकान चालवतो. अमेरिकेत या शब्दाचं ‘गॉटन’ हे जुनं रूप अजून चालू आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ते आहे. इंग्लंडनं पुढे टाकलं, समुद्रापलीकडे गेलेल्यांनी जपलं. अमेरिकेतल्या नातवाशी फोनवर बोलताना ‘हॅव गॉटन’ ऐकू आलं तर त्याचं इंग्रजी बिघडलं असं समजू नये.

आता परत त्या घराकडे येते. ‘टू ब्रदर्स आर देअर टू मी’ आणि ‘विथ मी पेन इज नॉट देअर’ या दोन वाक्यांचं काय करायचं? मराठीत इंग्रजी ‘हॅव’ला सरळ शब्द नाही. कन्नडमध्येही नाही. मला दोन भाऊ आहेत; ननग इब्बर अण्णतम्मर अदार. माझ्याकडे पेन नाही. नन्न कडे पेन इल्ल. इथे तर ‘कडे’ हा शब्दही दोघींनी सारखाच वापरलेला. नाती ‘मला’ असतात आणि वस्तू ‘माझ्याकडे’ असतात, हा बारीक फरक आपल्या दोन्ही भाषा करतात. भावावर मालकी नसते, पेनावर असते. इंग्रजी हा फरक करत नाही. भाऊही ‘आय हॅव गॉट’ आणि पेनही ‘आय हॅव गॉट’. मुलीला हे समजावताना मी म्हटलं, ‘इथे तुला आपलं काहीतरी सोडून द्यावं लागतं, ते मुकाट सोड.’ ती दोन्ही वाक्यं त्यानंतर चुकली नाहीत.

वडील महिनाभरानं हिशेब करायला आले. मार्क एकदम वाढले नव्हते, ते मी आधीच सांगितलं. पण रजेचा नवा अर्ज त्यांना दाखवला. ‘आय गॉट फीवर ऑन मंडे.’ ते वाचून म्हणाले, ‘हे आईनं शिकवलं म्हणता?’ मी म्हटलं, ‘आईनं आणि मम्मीनं पहिले दोन रकाने भरले. तिसरा त्यांच्याशिवाय मला भरता आला नसता.’ ते काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या वेळी वही न्यायला आले तेव्हा शाई बदललेली होती; ‘उशीर झाला’च्या पानावर कन्नड रकान्यात ‘तड आतु’ हे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. आज्जी आता दारात उभ्या राहत नाहीत. मी गेले की वही घेऊन चटईवर येऊन बसतात आणि ‘आज कुठला?’ म्हणून विचारतात.

गेटची एवढी सवय झाली की त्याचा उलटा त्रास सुरू झाला. दिवाळीत मुलगी गोकाकला आजोळी गेली होती. तिथून तिनं मला इंग्रजीत पत्र लिहिलं. शेवटी लिहिलं होतं, ‘आय गॉट युवर मेमरी.’ मला तुमची आठवण आली. ननग निम्म नेनप बंतु. आठवण येते, ताप येतो, राग येतो; दोन्ही भाषांत तेच ‘येणं’. ताप आणि राग यांना गेट चालतं, मग आठवणीला का नको? तिचा तर्क पक्का होता आणि वाक्य तरीही चूक होतं. परत आल्यावर तिला सांगितलं की इथे गेट चालत नाही, इथे ‘मिस’ लागतं. आय मिस्ड यू.

‘पण टीचर, मिस म्हणजे चुकणं ना? आय मिस्ड द बस?’

वहीत नवं पान काढलं. आज्जींनी पहिल्या रकान्यासाठी वाक्य सांगितलं, ‘माझी बस चुकली.’ आईनं आतून आवाज दिला, ‘नन्न बस्स तप्पितु.’ मुलीनं दोन्ही वाक्यं लिहिली आणि पेन्सिल तोंडात घालून त्यांच्याकडे बघत बसली.

‘आज्जी,’ ती म्हणाली, ‘उशिरा गेलीस तू. मग बस कशी चुकली?’